उरलेल्या मातीचा मान

बाजूच्या भिंतीवरची पाल आबांना बरोबर दिसायची, पण समोर धरलेल्या कुंचल्याचं टोक दिसायचं नाही. हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटत नव्हतं. आबा म्हणजे तिचे आजोबा, पेणचे मूर्तिकार. त्यांच्या कारखान्यात आता अंगाचा रंग यंत्रमानव लावायचे, पण गणपतीचे डोळे आखायचे ते आबांनीच. तिथे यंत्राची लुडबुड त्यांना खपत नसे. आणि काल त्यांनी आखलेल्या गणपतीचा एक डोळा भक्ताकडे, तर दुसरा मोदकाकडे बघत होता. कोणी चकार शब्द काढला नाही. शाल्मलीला मात्र रडूच आलं.

तिने शर्वरीआत्याला बोलावून घेतलं. आत्या डॉक्टर होती आणि पेशींवर संशोधन करायची. तिने आबांचे डोळे तपासले.

"डोळ्याच्या आत दृष्टिपटल (चित्र उमटतं तो पातळ पडदा) असतं," ती म्हणाली. "त्याच्यामागे पेशींचा (शरीर ज्यांचं बनतं ते अतिसूक्ष्म घटक) एक थर त्याला पोसतो. आबा, तुमचा तो थर मधोमध मेलाय. म्हणून कडेचं दिसतं, मधलं नाही."

"मग नवा बसव."

"बसवता येतो. मूलपेशींपासून (पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी) आम्ही तो वाढवतो."

"शाडूच्या गोळ्यासारखं," शाल्मली म्हणाली. "सोंड करा, नाहीतर कान."

"अगदी तसंच. पण त्या येतात कुठून, ते आधी ऐका." आत्या लपवाछपवी करणाऱ्यातली नव्हती. "मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी प्रयोगशाळेत भ्रूण (गर्भाची अगदी पहिली अवस्था) तयार करतात. काही उरतात. आईबापांनी मनापासून दिले, तरच आम्ही घेतो. असा भ्रूण पाच-सहा दिवसांचा, खसखशीहून लहान. डोळे नाहीत, हृदय नाही. पण पेशी काढल्या की तो भ्रूण संपतो."

आबांचा चेहरा उतरला. "म्हणजे कुणाचं तरी बाळ. नको मला असली नजर."

"तुमचा प्रश्न खोटा नाही, आबा. काहींना तो तेव्हापासूनच माणूस वाटतो, काहींना नाही. शहाणी माणसं आजही भांडतात यावर."

आबांची नजर गेली तर आबा उरणारच नाहीत, असं शाल्मलीला वाटलं. मग तिने विचारलं, "आबा, प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती देव असते का?"

"नाही. तोवर माती."

"मग तुम्ही कुणाला पाय का लावू देत नाही?"

"देव होऊ शकतो तिच्यातून. मान नको ठेवायला?"

"आणि जी मूर्ती न्यायला कोणी येतच नाही?"

"कच्ची असेल तर भिजवतो," आबा म्हणाले. "दुसरी घडवतो. उकिरड्यावर टाकत नाही."

"आम्हीही मान ठेवतो," आत्या हळूच म्हणाली. "विक्री नाही, लेखी संमतीशिवाय हात लावत नाही, गरजेशिवाय वापर नाही. एका भ्रूणाच्या पेशी वाढत राहतात, त्यातून कितीतरी डोळे होतात. तरी तुम्ही नाही म्हणालात, तर मी रागावणार नाही."

"त्या आईबापांना कळेल का, कुणाच्या कामी आलं ते?"

"नावं सांगत नाहीत. पण निरोप पोचवता येईल."

"मग पोचव. म्हणावं, तुमचं वाया गेलं नाही." आबांनी डोळे पुसले. "कधी यायचं बोल."

दिवाळीनंतर आबांच्या एका डोळ्यात तो नवा थर बसवला. नजर सावकाश येईल, असं आत्याने बजावलं होतं. दरम्यान शाल्मली तिला रोज प्रश्नांनी छळायची. कातडीची पेशी मागे वळवून मूलपेशी करता येते म्हणे, मग भ्रूण लागणारच नाही ना? "काही कामांना आताही लागत नाही," आत्या म्हणाली. "सगळ्यांसाठी जमायचंय. ये लवकर मोठी होऊन."

एका सकाळी आबांनी शाल्मलीला जवळ बोलावलं. हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

"तू तुझ्या आईसारखी दिसायला लागलीस की गं," ते म्हणाले. "आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही."