चाचांचा दगड

पाथरवट ठोक्याचं दुकान कबरस्तानाच्या भिंतीला चिकटून. आत दगड, छिन्न्या आणि एक डुगडुगतं स्टूल. आबा होते तेव्हा दोन स्टुलं लागायची. एकावर त्याचे आबा, दुसऱ्यावर कबरस्तान सांभाळणारे चाचा. चाचांनी आबांना आपली उर्दू अक्षरं शिकवली आणि आबांनी जन्मभर तिथल्या कबरींचे दगड कोरले. दगडाची भुकटी खाऊन दोघंही खोकायचे. "देव दोन, खोकला एक," आबा म्हणायचे.

आबा गेले, पाठोपाठ चाचाही. आता दिवसभर दुकानात छिन्नी बोलेल तेवढंच.

एका सकाळी चाची आली. हातात कागद, त्यावर चाचांचं नाव.

"लेका, तुझ्या आबांनी जाण्याआधीच यांच्यासाठी दगड घासून ठेवलाय. नाव तेवढं कोर."

"चाची, मला कुठं येतात तुमची अक्षरं? आबा ओरडून दमले, पण आपलं डोकं म्हणजे दगड."

"मग दगडाला दगडाचं कळेल की! परक्याचा हात नको यांना. तू नाही म्हणालास तर राहतील बिननावाचे."

ठोक्यानं कागद दगडावर डकवला आणि नेहमीसारखी डावीकडून सुरुवात केली. अर्धं नाव झाल्यावर दुकान बंद केलं.

सकाळी कागद खाली पडलेला. दगड गुळगुळीत.

"डोळे गेले वाटतं कामातून," तो स्वतःशीच हसला. पुन्हा कोरलं, चांगलं खोल. हात धुवायला पाठ फिरवली, वळून बघतो तर पुन्हा कोरा. भुकटी मात्र खाली तशीच पडलेली.

आता त्याला हसू येईना. दगड वाया गेला तर म्हातारी कुणाच्या तोंडाकडं बघणार?

मग त्याला आबांची रीत आठवली. आधी दगडावर तळवा टेकायचा, आतल्या माणसाला विचारायचं, आणि मग उजवीकडून शिरायचं.

"चाचा, येऊ का?"

हातोडी हलकी झाली. वळणं आपसूक वळत गेली, अगदी आबांची. मागं कुणीतरी खोकलं. त्यानं वळून पाहिलं नाही.

दुपारी चाची आली. तिनं नावावरून उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं. डोळे भरले.

नाव संपलं. बोट थांबलं नाही.

कोऱ्या दगडावरून ते ओळीमागून ओळ सरकत राहिलं. ओठ हलत होते. मधेच ती खुदकन हसली.

"चाची, तिथं काही नाही."

"आहे की. दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं चाललंय. तुझ्यासाठी नाही ते."

पदर सावरत ती निघून गेली. दुकानात तो एकटा.

ठोक्यानं बोट टेकवलं. डोळ्यांना दिसत नव्हत्या, पण बोटाला खाचा लागल्या. ताज्या. तो हळूहळू पुढं गेला, शेवटच्या खाचेपाशी थांबला.

बोट हलवलं नव्हतं, तरी त्याखाली पुढची खाच खोल होत चालली होती.