रोडेनफेल्सचं झबलं

रोडेनफेल्सच्या राजवाड्यातून बाप्तिस्म्याचं झबलं नाहीसं झालं, तेही राजांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी. घराण्यातल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या तेच लेसचं झबलं चढलं होतं.

"बुर्गानंच घेतलंय," राजे एगॉन म्हणाले. "संध्याकाळी तिला तुरुंगात धाडतो."

खासगी गुप्तहेर हासेलब्रिंग झबल्याची पेटी तपासू लागले. त्यांचे मित्र डॉक्टर ओटमार यांना बुर्गा या म्हाताऱ्या दाईची कीव आली. पण पेटीचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. दुसरी किल्ली राजांच्या थोरल्या बहिणीकडे, राजकन्या थेक्लांकडे असे.

पेटीच्या तळाशी रोझमेरीची चार पानं पडली होती.

"कसरीसाठी," डॉक्टर म्हणाले.

"कसरीला कापूर असतो, साहेब," बुर्गा म्हणाली. "ही लागते लग्नात नाहीतर मयताला. आणि लेस विकून मी या वयात काय महाल बांधणार? या घरातली सगळी पोरं मी न्हाऊ घातली. लिओबाबाईंनासुद्धा..."

"ते नाव इथं काढायचं नाही," राजे कडाडले.

लिओबा ही थेक्लांची एकुलती एक मुलगी. पुस्तकं बांधणाऱ्या एका कारागिराशी तिनं लग्न केलं, आणि त्या दिवसापासून राजवाड्याला ती मेली.

थेक्लांच्या खोलीत आरशावर काळी शाल टाकलेली होती.

"उजेडानं डोळे दुखतात हो," त्या म्हणाल्या. त्या भर उन्हात खिडकीशी भरतकाम करत बसल्या होत्या.

"उद्या बाळाला हातात धरायचा मान तुमचाच ना, बाईसाहेब?" हासेलब्रिंगनी विचारलं.

"वहिनीला सांगितलंय. माझे हात कापतात आता." हे बोलता बोलता त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला.

"डोळ्यांत थेंब घालायला देऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"राहू द्या, डॉक्टर," हासेलब्रिंग हळूच म्हणाले.

संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात जमले. बुर्गा दाराशी उभी होती, शेजारी शिपाई.

"महाराज, झबलं विकलं गेलेलं नाही," हासेलब्रिंग म्हणाले. "ज्या डोळ्यांना ऊन सोसतं त्यांना आरसा सोसत नाही, असं कसं? जे हात सुई ओवतात ते बाळाला धरताना कापतील? घरात मयत झालं की आपण आरसा झाकतो. सुतकातलं माणूस बाप्तिस्म्याला बाळ हातात घेत नाही. आणि रोझमेरी कशाला लागते, ते बुर्गानं सकाळीच सांगितलं. बाईसाहेबांना सुतक आहे. पण राजवाड्यात तर कुणी गेलेलं नाही."

डॉक्टरांच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला, आणि पडला तसा त्यांना नकोसा झाला.

थेक्ला उठल्या. "लिओबाचं बाळ. आठवडाही जगलं नाही. आपलं म्हणून या घरानं त्याला काहीच दिलं नव्हतं, म्हणून झबलं मी माझ्या हातानं घातलं. त्यातच पुरलं त्याला."

"ताई, आणि बुर्गाला मी तुरुंगात धाडत असताना तू गप्प बसलीस?"

"बोलले असते तर झबल्यासाठी तू कबर उकरली असतीस." त्या दाईकडे वळल्या. "बुर्गा, मला क्षमा कर. तुला नेलं असतं तर बोलले असते गं. निदान मला तसं वाटतं."

राजे बहिणीजवळ गेले.

"नाव काय ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"एगॉन," थेक्ला म्हणाल्या. "तिच्या लाडक्या मामाचं."

राजांनी शिपायाला जायची खूण केली. मग समोरच्या मोठ्या आरशाला पाठ करून ते म्हणाले, "बुर्गा, एक चादर आण. यावर टाकायची आहे. आणि उद्या नातवाला माझ्या हातात देऊ नका."