मजुरी नको, मावशी

मस्कतहून सुट्टीवर आले आणि चारोटी नाक्यावर उतरले, तेव्हा ऊन असं होतं की चपला डांबराला चिकटत होत्या. पुलाच्या सावलीत एक तरुण ताडगोळे सोलत बसला होता.

"भैया, कैसे दिया?" मी सवयीने विचारलं.

त्याने मान वर केली. डोळे... ताडाच्या शेंड्यावरून लांबचं बघायची सवय असलेले.

"मी तलासरीचा. भैया कुठला?"

"मी पण तलासरीचीच," मी ओशाळून म्हटलं.

"मग हिंदी कुणाला दाखवतेस?"

कोयता फिरला आणि ताडगोळ्याचं गार पाणी थेट माझ्या गालावर!

"मुद्दाम उडवलंस!"

"मी नाही, ताडाने. गावची पोर त्यालाही ओळखू आली..."

त्याचं नाव प्रविण. नंतर मला चारोटीला रोज काही ना काही काम निघायला लागलं. कधी मीठ, कधी मेणबत्ती.

"आज काय संपलं?" तो विचारायचा.

"काड्यापेटी."

"एवढं काय जाळतेस गं घरात?"

मी वाटभर हसत यायची.

मस्कतला जाण्याआधी याच नाक्यावर रुपलबेनच्या खानावळीत मी भाकऱ्या थापायची. बेनने मस्कतला पैसा गुंतवून हॉटेल टाकलं आणि म्हणाली, "निलम, तू तो मारी दीकरी छे, माझी लेकच, चल." त्या गुंतवणुकीवर माझा व्हिसा निघाला. तो बेनच्या हॉटेलाशी बांधलेला. तिथे दुसऱ्याकडे काम धरता येत नाही, आणि सुट्टी संपून वेळेत परतलं नाही तर व्हिसाच जातो. पाड्यावर म्हणतात, पोर दाव्याला बांधलीय. असेल. पण आमच्या कुडाच्या घराला विटांच्या भिंती आल्या, आयेच्या गुडघ्यांना औषध आलं, ते त्याच दाव्याने. बेनचं नाव घेतल्याशिवाय मी घास तोडत नाही.

पण आये, माझी बारीक अंगाची आये, घरात एकटी.

"यंदा नको जाऊ पोरी," ती म्हणाली. "पाऊस आला की शेत कोण बघणार? तुझं लगीन करते, इथंच रहा."

हे मी प्रविणला सांगितलं. वाटलं, तोही म्हणेल – रहा. तो म्हणाला असता तर... मी राहिले असते का? तीच भीती होती. तो कोयत्याची धार नखाने बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर प्रविण आमच्या कौलांवर! फुटकी कौलं बदलत होता. मी लाजून आत. मनात म्हटलं, आयेने मजुरीला बोलावलेला दिसतो. पुढे रोज यायला लागला. राबासाठी, भाताचं रोप टाकायच्या जागेवर, पालापाचोळा पसरला, भाजला, बांध घातला. आये त्याला ताक द्यायची आणि मला म्हणायची, "माणूस चांगला आणलास गं कामाला."

"मी? मला वाटलं तू आणलास!"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

आये काठी टेकत अंगणात गेली. "ए पोरा, तुझी मजुरी किती झाली रे?"

प्रविणने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. कानापर्यंत लाल.

"मजुरी नको, मावशी."

"का? फुकट राबायला तू काय माझा जावई?"

तो मग खाली बघत म्हणाला, "घरोर आलोय."

आमच्यात ही जुनी रीत. ज्याच्याकडे नवरीच्या आईबापाला देज द्यायला काही नाही, त्याने तिच्या घरी राबायचं, तिथलंच होऊन राहायचं. आज्याच्या काळातली गोष्ट. आता तसं कुणी राहत नाही, राहिलं तर मित्र हसतात.

"अरे पण पोर तर चालली!" आये म्हणाली.

"म्हणून तर आलो. ती घरात असती तर मी कशाला लागलो असतो?" मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून, "तू जा, निलम. सोडू नको. तुझ्या आयेला बघायला मी आहे. पुढच्या सुट्टीत... तुला पसंत असलं तर..."

"आणि नसलं तर?"

"तर एवढा भाजलेला राब काय वाया जाणार? भात तरी होईलच."

आये इतकी हसली की काठी सुटली तिची.

जायच्या दिवशी बाया दारात जमल्या. पाड्यावरच्या बुधीबाईला गाण्यात कोण हरवणार? तिने जागच्या जागी रचलं:

*सया सांगती सयांना, बाई नवल झालं काय,*
*लेक चालली दूरदेशी, जावई धरी सासूचे पाय!*

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी जीपमध्ये बसले. नवरी निघाली होती आणि नवरा माहेरच्या दारात उभा होता, आयेचा हात खांद्यावर घेऊन. रडू आलं ते सुखाचंच.

"प्रविण," मी खिडकीतून ओरडले, "पसंत आहे!"

"काय?" जीपच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

आयेला मात्र गेलं. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "मावशी नको म्हणू आता. आये म्हण."