सोमवारची फरशी

“माझ्या ठकूबाईचं लुगडं चोरलं! ही पुष्पाच. आज कामावरनं काढतो, पोलिसात देतो!”

आळेफाट्यावरच्या ट्रान्सपोर्ट कचेरीचे मालक चांगदेवभाऊ रिकामं कपाट दाखवत ओरडत होते. बायको वारल्यावर तिचं निळं सुती लुगडं त्यांनी कचेरीतल्या कपाटात ठेवलं होतं. काल, सोमवारी, ते नाहीसं झालं.

खासगी तपास करणाऱ्या उज्ज्वलाबाईंनी कुलूप निरखलं. त्यावर ओरखडाही नव्हता.

“किल्ली कुणाकडे?”

“माझ्या करगोट्याला. आंघोळीलाबी सोडत न्हाई. लंकाबाई, पावण्यांना पाणी आण गं!”

कारकून गोरखने मुकाट्याने पाणी आणलं. उज्ज्वलाबाईंनी त्याला बाहेर गाठलं.

“लंकाबाई कोण?”

“झाडलोट करायची. दिवाळीतच वारली. तवापासून आमीच वाटून घेतलंय. पुष्पा झाडती, मी पाणी भरतो. सोमवारची फरशी भाऊंची. मालक असून पाळी चुकवत न्हाईत. आमच्यापरीस लख्ख पुसत्यात, राव!”

“मग उघड आहे,” उज्ज्वलाबाईंचा मदतनीस सावळाराम कुजबुजला. “झाडायला सगळ्यांच्या आधी पुष्पाच येते.”

“तुम्हाला सगळंच फार लवकर उघड होतं, सावळाराम.”

पुष्पा खाली मान घालून बसली होती.

“मीच नेलं, बाई.”

“विरलेलं लुगडं? कशाला?”

“आवडलं.”

“कुलूप कसं काढलंस?”

“उघडंच व्हतं.”

“आता कुठंय?”

“टाकलं रस्त्यावर.”

मांडीवरची पिशवी तिने घट्ट धरली. पिशवीचा तळ ओला होता.

उज्ज्वलाबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

“ऱ्हाऊ द्या ना बाई,” गोरख कळवळला. “ती कबूल झालीया.”

“म्हणून तिला चौकीत जाऊ देऊ? चांगदेवभाऊ, किल्ली फक्त तुमच्याजवळ. कपाट तुम्हीच उघडलंत. काल फरशी तुमची होती. पोतेरं सापडलं नसेल. जुनं, धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं हाती आलं. घरोघरी करतात तेच तुम्ही केलंत. फाडलंत.”

“मी? माझ्या ठकीचं?”

“लंकाबाई वारली हेही मघाशी तुमच्या ध्यानात नव्हतं. तुम्हाला विसर पडतो, हे ह्या दोघांना ठाऊक आहे. म्हणून गोरख न बोलता पाणी आणतो. आणि पुष्पाने चोरी अंगावर घेतली. पण चोर टाकून दिलेलं कापड धुऊन जवळ ठेवत नाही. पुष्पा, पिशवी उघड.”

पिशवीत निळ्या चिंध्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, पिळलेल्या.

“जोडून देणार व्हते, भाऊ,” पुष्पा दोन चिंध्या शेजारी धरत म्हणाली. “जुळंनात.”

चांगदेवभाऊंनी एक चिंधी उचलून गालाला लावली आणि लहान मुलासारखे रडले. “पोरी, तुलाच चोर म्हनलो गं मी.” पुष्पाची नोकरी टिकली.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाबाईंचा फोन वाजला.

“बाई, लवकर या. माझ्या ठकूबाईचं लुगडं कुनीतरी चोरलंय.”

सावळारामने विचारलं, “पुन्हा सगळं सांगायचं त्यांना?”

उज्ज्वलाबाईंनी चपला पायात सरकवल्या.

“नाही. चोर बाहेरचा होता, पळाला, म्हणून सांगायचं. पुष्पाचं नाव निघता कामा नये. भाऊंचंही.”