दातांचंच काम

"आज पाच वाजता भुऱ्याला देऊन टाकणार आहेत," दारातूनच मुलगी म्हणाली. दहा-अकरा वर्षांची असेल. कुशीत राखाडी ससा. "बाई, त्यानं काही केलेलं नाही!"

'खासगी तपास' अशी पाटी दारावर लावलेल्या बाई लगेच उठल्या. त्यांचे धाकटे दीर हसले. "वहिनी, आता सशांचे खटले?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी होत असेल, तर खटलाच तो. चला, भाऊजी."

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. जेवणाचं टेबल मुलीच्या आजोबांनी केलेलं; त्यांचा जन्म सुतारकामात गेला होता. महिन्यापूर्वी भुऱ्यानं टेबलाचा एक पाय खरोखरच कुरतडला. आजोबांनी तो दुरुस्त केला. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्यांना काम लागतंच, म्हणून मुलीनं त्याला चावायला डहाळ्या दिल्या आणि टेबलाच्या पायांना कडू औषध चोपडलं. तरी गेल्या आठवड्यात दुसरा पाय खराब झाला, आणि आज सकाळी तिसरा.

बाई वाकल्या. पायाच्या कडेवर बारीक रेघा होत्या, सगळ्या सारख्या अंतरावर. खाली पिठासारखा भुसा. भाऊजींनी तिथून बोट फिरवलं.

बाईंनी सशाला जवळ आणलं. तो हुंगून शिंकला आणि त्यानं तोंड फिरवलं. मग बाईंनी त्याची डहाळी उचलली. तिच्यावर जोडीजोडीनं खाचा होत्या, दोन खाचांमध्ये बारीकशी उंच रेघ.

मुलीची आई चहा-बिस्किटं घेऊन आली.

"ससा तुम्हाला नकोच होता?" बाईंनी विचारलं.

"नकोच होता. घरभर गवत! पण टेबल मामंजींच्या हातचं आहे, त्याला मी कशी हात लावीन? त्यांचे हात थरथरतात म्हणून दोन वर्षं हत्यारांची पेटी कपाटावर आहे. पहिल्या पायापुरती काढून दिली, तर स्वारी आठवडाभर गुणगुणत होती."

मुलीचा मोठा भाऊ फणकारला. "माझी इअरफोनची वायर खाल्ली त्यानं. राग आहेच. पण सकाळी मी क्लासला होतो."

एवढ्यात भाऊजी ओरडले, "थू! कडूजहर बिस्कीट!"

पलंगावर बसलेल्या आजोबांनीही आपलं बिस्कीट तोंड वाकडं करून बशीत ठेवलं.

"आजोबा, तुमचं काय मत?" बाईंनी विचारलं.

"दातांचंच काम आहे ते," सशाकडे न बघता आजोबा म्हणाले.

"झालं! जाणकारानंच निकाल दिला," भाऊजी म्हणाले.

"ससा निर्दोष आहे."

"वहिनी, तुमच्या सशाला तीनच पाय!"

"सशाला चारच आहेत. भानगड टेबलाच्या तिसऱ्या पायाची आहे." बाईंनी डहाळी पुढे धरली. "सशाच्या खाचा अशा जोडीनं पडतात. टेबलावर फणीसारख्या रेघा आहेत. ससा कपचे काढतो, पीठ पाडत नाही. आणि औषधाच्या वासानं तर तो शिंकतो."

"मग कुणी केलं?" आईनं विचारलं.

"ज्याच्या बोटांना औषध लागलं, त्यानं. भाऊजींनी पायाला हात लावला आणि बिस्कीट कडू झालं. आणखी कुणाचं झालं?"

सगळ्यांची नजर आजोबांच्या बशीकडे गेली.

"आजोबा खोटं बोलले नाहीत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दातांचंच काम. फक्त कुणाचे दात, ते सांगितलं नाही. दात करवतीलाही असतात."

पहिल्या दुरुस्तीनंतर पेटीत परत न ठेवलेली छोटी करवत आजोबांनी गादीखालून काढली.

"सूनबाई म्हणाली होती, 'मामंजी, तेवढं करून द्याल का?' दोन वर्षांत मला कुणी काम सांगितलं नव्हतं गं. वाटलं, पुन्हा म्हणेल. दुसऱ्या पायाला म्हणाली नाही, म्हणून तिसरा... सशाला घालवतील हे डोक्यातच आलं नाही. आज ऐकलं, पण लाजेनं तोंड उघडेना."

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून म्हटलं नाही!" आई स्टुलावर चढली आणि पेटी काढून आजोबांसमोर ठेवली. "दोन पाय नीट करायचेत. शिवाय भुऱ्याला लाकडी घर हवंय, खुशाल कुरतडता येईल असं."

"आणि कुरतडून संपवलं तर?"

"तर दुसरं कराल!"

घड्याळात पाच वाजले. मुलगी भुऱ्याला घट्ट धरून बसली होती आणि आजोबा त्याच्या लांबीचं माप घेत होते.