थोरल्याची रायफल

मोबाईल ठेवा बाजूला, म्हणजे सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीचा एक पॉलिशवाला आहे, त्याच्या बाबतीत घडलेलं. मागच्या वर्षीची, बारा नोव्हेंबरची रात्र. माणूस थापा मारणारा नाही. उलट, गप्प बसणारा.

त्या संध्याकाळी तो जवसाचं तेल आणायला बाजारात गेला होता. थोरला भाऊ नुकताच वारला होता आणि वडिलांच्या वेळची रायफल रीतसर याच्या नावावर आली होती. लाकडी दस्त्याची पार रया गेलेली. याने जुनं पॉलिश खरवडलं, सँडपेपर मारला, तेलाचे दोन हात दिले आणि रायफल वाळत ठेवून झोपला.

खरं तर इतकी वर्षं त्याने तिला हात लावला नव्हता. सतरा वर्षांचा असताना त्याने हीच रायफल चोरून नेली आणि तिन्हीसांजेला रानडुक्कर समजून गोळी झाडली. पडले ते समोरच्या घरातले काका, जागीच गेले. भाऊ धावत आला आणि म्हणाला, "तू तोंड उघडायचं नाहीस. मी झाडली." कोर्टाने अपघात ठरवला, पण लोकांनी थोरल्याला कधी माफ केलं नाही. त्याची नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. याने तोंड उघडलं नाही. भाऊ गेला तेव्हासुद्धा.

तर, रात्री पावणेदोनला त्याला जाग आली. कामाच्या खोलीतून आवाज येत होता. फडक्याने लाकूड घासल्यासारखा. सावकाश. बायको शेजारी झोपलेली. घरात तिसरं माणूस नाही.

तो दारापर्यंत गेला. बटणाकडे हात नेला. बटण दाबवेना.

घासणं थांबलं.

"कोणी झाडली?"

दादाचा आवाज. रागावलेला नाही. दमलेला.



पुन्हा घासणं... पुन्हा थांबलं.

"कोणी झाडली रे?"

"...मी."

मग काहीच नाही. त्याने दिवा लावला. खोली रिकामी. रायफल होती तिथेच.

उजाडताच तो समोरच्या काकूंकडे, त्या काकांच्या बायकोकडे, गेला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तो असताना सांगायचंस," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन त्याने अंघोळीला सदरा काढला. बायको बघतच राहिली. उजव्या खांद्यावर काळानिळा वळ, गोळी झाडताना दस्ता मागे आदळतो तिथे.

तेहतीस वर्षांत त्याने बंदूक झाडलेली नाही. वळ मी स्वतः पाहिलाय. अजून ताजाच आहे.