एकतिसावं रिव्हॉल्व्हर

दुबईला लागून असलेल्या अल नहदा वस्तीत, एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर जेवणं उरकली. मोठी माणसं आत टीव्हीपुढे बसली आणि पोरांनी गनीचाचांना बाल्कनीत गाठलं. खाली दुबईकडे जाणारी गाड्यांची रांग अजून जागची हलली नव्हती.

"चाचा, रिअल स्टोरी हां. नो फेक," सायरा म्हणाली. ती चाचांच्या भावाची नात. यंदा बारावीला, आणि म्हणून घरात तिचंच राज्य.

"फेक सांगायला मी काय युट्यूबवाला आहे? हे ज्याच्यावर बेतलं तो नूरुद्दीन माझा रूममेट होता. त्याच्या तोंडून ऐकलंय, तेही एकदाच. सांगताना त्या माणसाने एकदाही वर बघितलं नाही. चला, आतला लाइट घालवा. आणि मध्ये कुणाचा फोन वाजला तर खलास, गोष्ट तिथेच बंद."

मग चाचांनी पाय वर घेतले आणि सुरुवात केली.

साल एकोणीसशे पासष्ट. दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवर मावायची. नूरुद्दीन आपल्याच रत्नागिरीकडचा. मुंबईत बंदुकांच्या दुकानात मिस्त्रीच्या हाताखाली आठ वर्षं काढलेला, म्हणून खाडीकाठच्या देरा भागातल्या एका व्यापाऱ्याने त्याला ठेवून घेतलं होतं. मालकाला इथे अरबाब म्हणायचे. हा अरबाब तांदूळ विकायचा, टायर विकायचा, शिलाई मशीन विकायचा, आणि परवान्याने हत्यारंसुद्धा विकायचा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक दिवस अरबाबने हाक मारली, "नूर, यल्ला, चल, माल बघायचाय." कुठल्याशा लांबच्या मुलखातल्या पोलिसांना नवी हत्यारं मिळाली होती आणि त्यांनी जुनी बदल्यात देऊन टाकली होती. त्यातली छत्तीस रिव्हॉल्व्हरं फिरत फिरत एका दलालाकडे आली होती. दलालाची अट सरळ होती. सूर्य बुडताना होणाऱ्या मगरिबच्या बांगेपर्यंत काय बघायचं ते बघा, नको ते बाजूला काढा. बांग झाली की सौदा झाला.

दुकानाच्या ओट्यावर सतरंजी अंथरली, पेट्या फोडल्या, आणि बघता बघता पंधरा-वीस माणसं गोळा झाली. नूरुद्दीनला हे फार आवडायचं. एरवी त्याला कोण विचारतंय? पण हत्यार हातात आलं की तो बोलायला लागायचा आणि शेख लोकसुद्धा गप्प बसून ऐकायचे.

"पोलिसाचं रिव्हॉल्व्हर कंबरेवर म्हातारं होतं, उडवून नाही," तो म्हणाला आणि पहिलंच उचलून दाखवलं. "चामड्यात घालून-काढून वरचा काळा रंग गेलाय बघा. जीपच्या दाराला आपटून मुठीचं लाकूड ठेचलंय. याला बघून अडाणी माणूस नाक मुरडतो. पण आत बघा." त्याने नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं. नखावर पडलेलं ऊन नळीत शिरलं, आणि आतलं लोखंड नव्या पातेल्यासारखं चमकलं. "वर्षाकाठी सहा गोळ्या उडवल्या असतील, त्याही सरावाच्या."

मग तो गोळ्यांची चक्री फिरवून हलते का ते बघायचा. स्क्रूंची डोकी बघायचा. स्क्रूची खाच कुरतडल्यासारखी दिसली तर समजायचं, कुणीतरी घरच्या घरी हत्यार उघडून आत कानस चालवली आहे. आणि सगळ्यात शेवटी घोडा. घोडा मागे ओढून चढवायचा, चापाला बोट लावायचं नाही, आणि अंगठ्याने घोड्याला मागून रेटायचं. जागचा हलला नाही तर हत्यार चांगलं. पडला तर ते हत्यार नुसत्या धक्क्याने उडणार. असलं हत्यार धन्यालाच खातं, असं मुंबईचा मिस्त्री त्याला बजावायचा.

तीस रिव्हॉल्व्हरं झाली. तीसही खणखणीत. ऊन उतरायला लागलं होतं, दलाल घड्याळ बघत होता, माणसं वाहवा करत होती. नूरुद्दीनला राहवलं नाही.

"अरबाब, डोळे मिटून माल घ्या," तो म्हणाला. "छत्तीसच्या छत्तीस अव्वल!"

"माशाल्ला," अरबाब म्हणाला.

सहा तपासायची बाकी होती. त्याने एकतिसावं उचललं. नळी छान होती. चक्री घट्ट होती. आणि बाजूच्या स्क्रूची खाच कुरतडलेली होती.

त्याने ती बघितली. दिसली नाही, असं तो कधीच म्हणाला नाही. हात क्षणभर थांबला. पण आत्ताच सगळ्यांसमोर फुशारकी मारलेली! आता घोडा चढवायचा आणि पडला तर काय तोंड दाखवायचं? त्याने घोड्याला हात लावला नाही. रिव्हॉल्व्हर चांगल्या ढिगात ठेवलं आणि बत्तिसावं उचललं. सहाची सहा संपली आणि बांग झाली.

"जस्ट फॉर दॅट?" सायरा म्हणाली. "इट्स सो स्टुपिड, चाचा."

"माणूस मोठ्या गोष्टीसाठी खोटं बोलतो असं वाटतं का तुला? नाही बेटा. माणूस लाजेसाठी बोलतो. पुढे ऐक."

रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी गोदाम उघडल्याबरोबर त्याने ते हत्यार शोधून काढलं, घोडा चढवला आणि अंगठ्याने जरासं रेटलं. टक. घोडा पडला.

हे तिथेच जाऊन सांगायला हवं होतं. पण अरबाबला सांगायचं म्हणजे कालची सगळी शान मातीत जाणार. त्याने ठरवलं, संध्याकाळी सगळे गेले की गुपचूप दुरुस्त करू. दुपारी बघतो तर गोदामाचा पहारेकरी याकूब त्याच्यासमोर उभा! हा नूरुद्दीनच्या शेजारच्या गावचा, साधाभोळा माणूस. इतकी वर्षं हातात नुसती काठी घेऊन रात्र काढायचा. आज अरबाबने खुशीत येऊन नव्या मालातलं एक हत्यार त्याला दिलं होतं. कंबरेला नवा पट्टा, आणि चेहरा ईदच्या पोरासारखा.

"नूरभाई, जरा बघ ना. नीट हाय ना? तुझ्याशिवाय कुणाला विचारू?"

नूरुद्दीनने हातात घेतलं. स्क्रूची खाच कुरतडलेली. मागे अरबाब चहा पीत बसला होता.

"नीट आहे," नूरुद्दीन म्हणाला.

उद्या तेलपाण्याच्या निमित्ताने मागून घेऊ, असं त्याने ठरवलं. उद्या कामाची गडबड निघाली. परवा अरबाब तिथेच बसून होता. असे अकरा दिवस गेले.

अठरा ऑक्टोबरच्या रात्री गोदामाकडून एकच आवाज आला. माणसं धावली. याकूब दारात पडला होता, छातीत गोळी. आजूबाजूला कुणी नाही. कसली तरी चाहूल लागली असेल, त्याने घोडा चढवला असेल, आणि अंधारात उंबऱ्याला पाय लागून तोल गेला असेल. नूरुद्दीनला हे बघताक्षणी कळलं. पण कळलं ते त्याला एकट्याला.

सकाळी ओट्यावर सगळे जमले. अरबाबने त्याला पुढे बोलावलं. "नूर, खरं सांग. हत्यारात खोट होती?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही अरबाब. हत्यार अव्वल होतं."

झालं. हत्यारात खोट नाही, दुसरा माणूस नाही, मग राहिलं काय? याकूब घरच्या आठवणीने रडायचा, हे कुणाला तरी आठवलं. घरून चार महिने पत्र नव्हतं, हे दुसऱ्याला आठवलं. दुपारपर्यंत गावभर झालं की याकूबने स्वतःच स्वतःला गोळी घातली. हराम मौत! जनाज्याला मोठी माणसं आलीच नाहीत. सहा जण उभे राहिले, त्यात एक नूरुद्दीन. अरबाबने ते रिव्हॉल्व्हर होडीतून नेऊन खाडीच्या मधोमध टाकायला लावलं. कुणीतरी गावाला कळवलं, आणि तिकडे याकूबची बायको कुलसुम हिच्या दारावरून लोक मान वळवून जायला लागले. नुसतं एक वाक्य खरं बोलला असता, तर मेलेल्याचं नाव राहिलं असतं. नूरुद्दीन रोज ते वाक्य जुळवायचा आणि रोज गिळायचा. नमाजात डोकं टेकलं की त्याला स्वतःची किळस यायची.

बाल्कनीत सायराने पाण्याचा ग्लास पुढे केला. चाचांनी पाण्याचा घोट घेतला.

सत्तावीस नोव्हेंबर. शनिवार. याकूबचा चाळिसावा दिवस. आपल्यात चाळिसाव्याला फातेहा देतात, चार माणसांना जेवू घालतात. याकूबचा चाळिसावा कुणी केला नाही. नूरुद्दीननेही नाही. दुकानामागच्या खोलीत तो दिवा मालवून पडला. चंद्र रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर लगेच बुडाला होता. खाडीवरची हवा बंद होती.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. उशाच्या घड्याळाचे अंधारात चमकणारे काटे बघून त्याने डोळे मिटले, म्हणून वेळ पक्की.

दार लावलेलं होतं. कडी घातलेली होती.

"नूरभाई..."

त्याने डोळे उघडले. दिवा पेटलेला होता. सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला याकूब मांडी घालून बसला होता. रक्त नाही, काही नाही. कंबरेला तोच नवा पट्टा.

"नूरभाई, जरा बघ ना."

त्याने हात पुढे केला. हातात रिव्हॉल्व्हर होतं. खाडीच्या तळाशी गेलेलं... कोरडं. तेल लावलेलं.

नूरुद्दीनला ओरडायचं होतं.  हात मात्र पुढे गेला. आठ वर्षांची सवय! हत्यार हातात आलं की हात आपोआप चालतात. नखावर दिव्याचा उजेड घेतला. नळी छान. चक्री घट्ट. स्क्रू...

तो थांबला.

याकूब बघत होता. रागाने नाही. चाळीस दिवसांपूर्वी बघायचा तसाच. विश्वासाने.

नूरुद्दीनने घोडा चढवला. अंगठा मागे टेकवला. रेटला.

टक.



"खोट हाय काय?" याकूबने विचारलं.

 खोलीत तिसरं कुणी नव्हतं. अरबाब नव्हता. गर्दी नव्हती. कुणाची लाज? कुणाची भीती?

"नूरभाई... खोट हाय काय?"

"...नाही," नूरुद्दीन म्हणाला. "नीट आहे."

मेलेल्या माणसासमोर! त्याच्याच हत्याराबद्दल!

 याकूबने मान हलवली.

"बरं."

एवढंच बोलला. हत्यार परत घेतलं. पट्ट्यात खोचलं.

दिवा विझला.

सकाळी कडी होती तशीच होती. दिव्यात तेल भरलेलं होतं. याकूब पुन्हा कधी आला नाही. नूरुद्दीन चार वर्षं रोज रात्री वाट बघत राहिला. आला तर या वेळी खरं सांगू म्हणून.

"अँड?" सायराचा आवाज बारीक झाला होता.

"अँड काय? एकोणसत्तर साली तो सुट्टीवर गावाला गेला. आगबोटीतून उतरला आणि घरी जायच्या आधी सरळ कुलसुमकडे. मनाशी पक्कं करून गेला होता. पाय धरायचे, सगळं सांगायचं. मग ती मारो की थुंको."

कुलसुमने त्याला पडवीत बसवलं. चहा आणला. अंगण झाडलेलं होतं, शेजारणी येता-जाता तिला हाक मारत होत्या. नूरुद्दीनला काही कळेना. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"नूरभाई, तुमचा कागद आला तेव्हा मी तुम्हाला लाख शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू? वर्षभर तुमचं नाव घेतलं की थुंकत होते. पण जुम्म्याच्या नमाजानंतर इमामसाहेबांनी तो मशिदीत वाचला. सगळ्या जमातीने यांच्यासाठी दुवेला हात उचलले. त्या दिवसापासून मी मान वर करून चालते. स्वतःचा गुन्हा असा लिहायला छाती लागते. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता."

"...कुठला कागद?"

ती आत गेली आणि कुराणाच्या कपाटातून एक घडी घेऊन आली. "अक्षर बघूनच माझा पोरगा म्हणाला, नूरचाचाचं. यांची सगळी पत्रं तुम्हीच लिहून द्यायचात ना. मला वाचता येत नाही. एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे."

नूरुद्दीनने घडी उघडली. अक्षर त्याचंच होतं. तोच वेडावाकडा 'ळ', तीच ओळीखाली घसरणारी रेघ. वर तारीख, सत्तावीस नोव्हेंबर एकोणीसशे पासष्ट. खाचेबद्दल होतं. घोड्याबद्दल होतं. सकाळी गोदामात घोडा पडला हेसुद्धा होतं, आणि ते त्याने जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं. खाली त्याची सही.

हा मी लिहिला नाही, एवढंच सांगायचं होतं. कुलसुम समोर बसली होती, पदर सावरून, त्याच्याकडे आदराने बघत. चार वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्याने ते वाक्यही गिळलं. मान खाली घालून तो नुसता डोळ्यांनी वाचत राहिला, ओठ न हलवता, शेवटपर्यंत.

सहीच्या खाली, कागदाच्या अगदी कडेला, त्याच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती.

"नूरभाई, मोठ्याने वाच."